सबब ऋण उत्तर त्याज्य

गणपतराव इंगवले यांनी लाल पेनाला टोपण लावलं, दोन उत्तरपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकीतल्या ओळीवर बोट धरून दुसरीतली ओळ वाचली. मग पत्रिकांची अदलाबदल करून पुन्हा वाचली. दोन्हीकडे एकच वाक्य होतं, काना-मात्रेसकट.

'ऋण संख्येस लॉगरिदम नसतो. सबब ऋण उत्तर त्याज्य.'

एक पत्रिका दीक्षा कुरणेची. ती चार नंबरच्या खोलीत बसली होती. दुसरी सूरज शिंगेची. तो मागच्या इमारतीत, अकरा नंबरला. दोन खोल्यांच्या मध्ये अख्खं मैदान, सायकल स्टँड आणि कँटीन. माणसाची मान ताणून ताणून किती ताणणार? म्हणजे एकानं दुसऱ्याचं पाहून लिहिलं हे शक्यच नव्हतं, आणि गणपतरावांना त्याचंच वाईट वाटलं. साधी कॉपी असती तर त्यांनी ती दहा मिनिटांत निकालात काढली असती.

कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारा कॉलेजात कुणी नव्हता. पायमोज्यातल्या चिठ्ठ्या, पट्टीच्या पाठीवर कर्कटकानं कोरलेली सूत्रं, वेणीत गुंडाळलेला कागद, बावीस वर्षांत त्यांनी सगळं पाहिलं होतं. मुलं त्यांना पाठीमागे सीआयडी म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही, असं ते दर वर्षी पहिल्या तासाला सांगत.

प्रश्न तसा साधाच होता. बी. कॉम.चं पहिलं वर्ष, मराठी माध्यमाची तुकडी, सहामाही परीक्षा. लॉग (क्ष² − ३क्ष) = १, तर क्षची किंमत काढा. ज्या संख्येचा लॉग एक येतो ती संख्या दहा, म्हणून कंसातलं सगळं दहाबरोबर मांडायचं. मग वर्गसमीकरण, मग अवयव, आणि शेवटी दोन उत्तरं: पाच आणि उणे दोन. त्यातलं उणे दोन टाकून द्यायचं, पाच ठेवायचं, चार मार्क घ्यायचे. टाकून द्यायची गोष्ट ते वर्गात तोंडी सांगत आणि पोरं ती आपापल्या भाषेत लिहीत. कुणी 'निगेटिव्ह घेत नाही' लिही, कुणी 'उणे चालत नाही'. एका पठ्ठ्यानं तर 'मायनसला माफी' असं लिहून ठेवलं होतं.

पण 'सबब' कुणी लिहिलं नव्हतं. आजकालच्या पोरांना तो शब्द माहीत असायचं कारणच नव्हतं. गणपतरावांचे वडील कोर्टाबाहेर अर्ज लिहून देत. घरात बाजाराची यादी करतानाही त्यांच्या तोंडी सबब येई. तिथून तो गणपतरावांच्या गणितात शिरला. नवीन नोकरीला लागले तेव्हा मराठीत पुस्तक नव्हतं. ते वर्गात टिपणं सांगत आणि पोरं उतरवून घेत. शहाऐंशीला छापील पुस्तक आलं, टिपणं बंद झाली. आता ती ओळ जगात एकाच ठिकाणी उरली होती: त्यांच्या लांब वहीत, जिच्यात ते प्रत्येक पेपरची नमुना उत्तरं स्वतःच्या हातानं लिहून ठेवत. आणि ती वही विभागाच्या लोखंडी कपाटात, कुलपात असे.

म्हणजे कपाट उघडलं होतं.

त्यांनी दीक्षाची पत्रिका पुन्हा ओढली. शेवटच्या पानावर कच्चं काम होतं. कच्चं काम तपासायचं नसतं, हा त्यांचा नियम. पण संशय आला की नियम जरा बाजूला सरकतात. कोपऱ्यात तिनं उणे दोन घेऊन काहीतरी आकडेमोड केली होती आणि पुढं बरोबरची खूण केली होती. आकडे त्यांनी वाचले नाहीत, खूण तेवढी पाहिली. कच्च्या कामात उणे दोनला बरोबर म्हणणारी मुलगी पक्क्या कामात तेच उत्तर कापते आणि वर कोर्टाच्या भाषेत कारण देते! स्वतःच्या डोक्यानं कापलं असतं तर आधी खूण कशाला केली असती? तिला कुणीतरी कापायला सांगितलं होतं. गणपतरावांना आपला तर्क फार पक्का वाटला, आणि खरं सांगायचं तर तो पक्का होताही.

कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या. एक त्यांच्या जानव्यासारखी कायम अंगावर, आणि दुसरी केरबाकडे. केरबा विभागाचा शिपाई, नोकरीची तीन वर्षं उरलेला. त्याच्यावर एकदम आळ घेणं बरं दिसलं नसतं, म्हणून गणपतरावांनी सापळा लावला. कपाटाच्या दोन दारांच्या फटीवर कागदाची बारीक पट्टी डिंकानं चिकटवली आणि घरी, शिवाजी पेठेत, निघून गेले. दुसऱ्या दिवशी पट्टी जागेवर होती, पण डिंक दुप्पट झाला होता.

केरबाला विचारलं तर तो म्हणाला, पट्टी एका कडंनं सुटलीती, मी नीट चिकटवून ठेवली, तुम्हीच लावलेली दिसली म्हणून.

गणपतराव त्याच्याकडे नुसते बघत राहिले. केरबाच्या हळूहळू ध्यानात आलं. त्यानं खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"सर, त्या कपाटात चोरण्यासारखं काय हाय ओ? सगळी गणितंच की."

किल्ली परत घे असं म्हणायला हवं होतं, ते गणपतरावांनी म्हटलं नाही. त्या दिवसापासून केरबा त्यांचा चहा आत आणायचा थांबला. आणायचा, पण दाराबाहेर स्टुलावर ठेवून जायचा.

मग त्यांनी दोघा मुलांना एकेकटं बोलावलं. दीक्षा आधी आली. उंच, सडसडीत मुलगी, ओढणीला गाठ मारून उभी राहिली. गणपतरावांनी तिला तोंडी तेच वाक्य म्हणायला सांगितलं. तिनं न अडखळता म्हटलं. कुठून पाठ केलं, तर गप्प. पुस्तकात आहे का? नाही. कुणी सांगितलं? गप्प. तिची नजर खाली नव्हती, हे त्यांना जास्त खटकलं. चोरी करणारी पोरं रडतात, पाया पडतात, आईची शपथ घेतात. ही त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू ते पुढं काय बोलणार हे तिला आधीच कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

"नाव सांगितलंस तर तुझ्यापुरतं मी सांभाळून घेईन," ते म्हणाले.

"चोरलेलं न्हाई सर."

"मग सांग की नाव."

"न्हाई सर."

त्यांनी त्याच दिवशी प्राचार्यांकडे अहवाल दिला. परीक्षापूर्व उत्तरे मिळवल्याचा संशय, दोन विद्यार्थी, सखोल चौकशी व्हावी. समितीची बैठक बुधवारी ठरली. अशा प्रकरणात दोन वर्षं परीक्षेला बंदी होई, हे सगळ्यांना माहीत होतं.

सूरज दोन दिवस कॉलेजात आलाच नाही. शनिवारी तो गणपतरावांना स्कूटरपाशी गाठायला आला. घाम पुसत होता. माझं काय व्हायचं ते होऊ द्या, म्हणाला, पण दीक्षाचं नाव तेवढं काढा. तिच्या बापानं पेठ वडगावचं एक स्थळ धरून ठेवलंय. पोरगी पास होते तोवर शिकवायची, असं घरात ठरलंय. दोन वर्षांची बंदी म्हणजे वडगावच.

गणपतरावांनी स्कूटरला किक मारायला उचललेला पाय खाली ठेवला.

"मग ती नाव का सांगत नाही?"

सूरज हँडलच्या आरशाकडे बघत बोलला.

"मीनाताईंस्नी तरास हुईल म्हणून. उचगावात आमच्याकडं शिकवत्यात त्या. फौंड्रीत कामाला हाईत. आयतवारी सकाळी वर्ग असतोय, विहारात."

फौंड्रीत काम करणारी बाई बी. कॉम.चं गणित शिकवते आणि तिच्याकडे आपली नमुना उत्तरं असतात! गणपतरावांच्या डोक्यात सगळ्या कड्या जुळल्या. केरबाची बहीण उचगावात दिलेली होती. आता मुद्देमालासकट पकडायचं तेवढं राहिलं होतं.

रविवारी सकाळी ते उचगावला गेले. स्कूटर चौकातच लावली, अंगात रोजचा कोट घातला नव्हता, डोक्याला मफलर गुंडाळला होता. कुणी विचारलंच तर पुतण्याच्या शिकवणीची चौकशी करायला आलोय म्हणायचं, हे वाटेत दोनदा म्हणून पाहिलं. कशाला लपाछपी, असं मनाशी आलं. पण चोर पकडायचा तर चोरपावलानंच जावं लागतं.

विहार लहानसा होता. पुढं पत्र्याच्या छपराचा ओटा, आत बुद्धाची मूर्ती, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. ओट्याच्या भिंतीचाच एक चौकोन काळा रंगवून फळा केला होता. पंधरा-सोळा पोरं-पोरी सतरंजीवर बसली होती. सूरज नव्हता. दीक्षा पुढच्या रांगेत पाठमोरी होती. फळ्यापाशी पस्तिशीपुढची एक बाई उभी होती, साडीचा पदर खोचलेला. फौंड्रीत वाळूचे साचे भरणाऱ्या बायकांचे असतात तसे तिचे हात होते, नखांच्या कडा काळ्या आणि बोटं भेगाळलेली. तिनं गणपतरावांकडे पाहिलं. एक क्षण खडू थांबला.

"या पावणं, बसा. वर्ग संपला की बोलू."

एका मुलानं पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला. गणपतराव ओट्याच्या कडेला, खांबाआड बसले. बाईनं फळ्यावर गणित लिहिलं. लॉग (क्ष² − ३क्ष) = १. त्यांच्याच पेपरातलं.

पोरांनी भराभरा सोडवलं. पाच आणि उणे दोन. बाईनं दोन्ही फळ्यावर मांडली.

"आता ताळा," ती म्हणाली. "ताळा घेतल्याबिगर कुठल्या उत्तराला हात लावायचा न्हाई. प्रसेनजीत, ये."

बारका चष्मेवाला प्रसेनजीत उठला. पाच घेऊन पंचवीस उणे पंधरा केलं, दहा आले. खूण केली. मग उणे दोनचा वर्ग, चार. उणे तीन गुणिले उणे दोन, अधिक सहा. चार आणि सहा दहा. खूण केली.

गणपतराव खांबाआडून बघत होते. चार आणि सहा दहा. त्यांनी मनात पुन्हा केलं. चार आणि सहा. लॉग कुणाचा घ्यायचा आहे? क्षचा नाही. कंसातल्या अख्ख्या पदावलीचा. ती तर दहा आली, धन आली. दहाचा लॉग एक. उत्तर बरोबर होतं. हे त्यांनी आयुष्यात कधी करून पाहिलं नव्हतं. ऋण दिसलं की कापायचं, त्यात करून काय पाहायचं?

"दोन्ही बरोबर," बाई म्हणाली. "आता इंगवले सरांच्या पेपरात काय लिवायचं?"

सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटलं, पाढे म्हणतात तसं. ऋण संख्येस लॉगरिदम नसतो. सबब ऋण उत्तर त्याज्य.

"पर ताई, बरोबर हाय की ते," प्रसेनजीत म्हणाला. "मग कापायचं कशाला?"

"गणितात बरोबर हाय. पेपरात न्हाई."

पोरं हसली. गणपतरावांना घाम फुटला होता. मफलर सोडवावा असं वाटलं, पण सोडवला तर तोंड उघडं पडलं असतं. त्यांनी तांब्या उचलला, थोडं पाणी प्यायले आणि तो तसाच हातात धरून बसले. वर्ग संपेपर्यंत त्यांना तिथून उठताही आलं नाही.

पोरं पांगली. दीक्षानं जाताना त्यांच्याकडे पाहिलं आणि ती दारातच थबकली, पण बाईनं तिला मानेनंच जायला सांगितलं. मग बाई ओट्याच्या दुसऱ्या कडेला येऊन बसली आणि पदरानं हाताचा खडू पुसत राहिली. गणपतरावांनी पुतण्याची गोष्ट सुरू केली. दोन वाक्यं बोलून झाली आणि तिसरं त्यांना आठवेना.

"सर, मफलर काढा की," ती म्हणाली. "उकडत असंल."

त्यांनी काढला.

तिनं सांगितलं ते थोडक्यात होतं. अठ्ठ्याहत्तर साली ती त्यांच्याच वर्गात होती, मीना कुरणे, खिडकीकडच्या बाकावर. वार्षिक परीक्षेत तिनं दोन्ही उत्तरं लिहिली आणि खाली ताळा मांडला. त्या गणिताला चारपैकी शून्य मिळालं. तीन मार्कांनी ती नापास झाली. पत्रिका घेऊन ती त्यांच्या खोलीत गेली होती. सरांनी ताळ्याकडे बघितलं नाही. हे कुठल्या गाइडातनं उतरवलंस, असं विचारलं. तिथं आणखी दोन सर बसले होते, ते हसले. घरच्यांनी पुढल्या वर्षी फी भरली नाही, फौंड्रीत लावलं. दीक्षा तिच्या भावाची मुलगी. यंदा दीक्षानं सांगितलं की गणिताला इंगवले सरच आहेत, तेव्हा तिनं पेटीतली जुनी टिपणांची वही काढली.

"दूध पिऊन तोंड पोळलंय आमचं," ती म्हणाली. "पोरांनी ताक फुंकून प्यावं, एवढंच बघितलं मी. तुमच्या शब्दाला एक मात्रा इकडची तिकडं करू नका म्हणलं. तर आता ते शब्दच चोरीचं ठरलं."

"मला आठवत नाही," गणपतराव म्हणाले. ते खरं होतं. खिडकीकडचा बाक, पत्रिका, ताळा, काहीच आठवत नव्हतं.

"तुमाला कशाला आठवंल, सर."

त्यात राग नव्हता. राग असता तर गणपतरावांना काहीतरी उत्तर देता आलं असतं. ते उठले, तांब्या जागेवर ठेवला आणि चौकापर्यंत मफलर हातात घेऊन चालत गेले. स्कूटरवर बसल्यावर त्यांनी पेट्रोलच्या टाकीवर बोटानं गिरवलं: चार, सहा, दहा.

त्या दिवशी दुपारी त्यांनी कॉलेजात जाऊन कपाटातली लांब वही काढली आणि मागची सगळी वर्षं चाळली. तसलं गणित त्यांनी नऊ वेळा घातलं होतं. नऊ वेळा किती पोरांचे मार्क कापले असतील, याचा अंदाज त्यांनी करायला घेतला आणि सोडून दिला. त्यातली बहुतेक पोरं मुकाट्यानं कापून मोकळी झाली असतील. पण एखादीनं करून पाहिलं असेल, खूण केली असेल.

सोमवारी त्यांनी अहवाल मागे घेतला. प्राचार्यांनी कारण लेखी मागितलं. खरं कारण लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. गणपतरावांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. बावीस वर्षं ज्या नावानं पोरं चळाचळा कापत आली ते नाव त्या दोन ओळींत त्यांना मावेना. शेवटी त्यांनी लिहिलं: 'पुराव्याअभावी तक्रार मागे घेत आहे.' पोरं तर सुटली, मग कारण काय का असेना, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

ऑफिसनं रीतसर शिक्का मारून तो मजकूर नोटीस बोर्डावर लावला, दोघांच्या नावासकट. दुपारपर्यंत अख्ख्या कॉलेजनं वाचला. पुराव्याअभावी म्हणजे काय, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. केलं, पण घावलं नाही. मंगळवारी गणपतराव वर्गाकडे जाताना त्यांच्या पुढून दोन पोरं तेच बोलत चालली होती. एक म्हणत होता, पोरगी लई पोचलेली दिसतीय, सीआयडीला गुंगारा दिला. दीक्षा त्यांच्या मागूनच येत होती. तिला ऐकू गेलं की नाही, हे तिच्या तोंडावरून कळलं नाही.

वर्गात शिरल्या शिरल्या त्यांनी फळ्यावर तेच गणित लिहिलं आणि दीक्षाला पुढं बोलावलं.

ती आली. कंस, दहा, अवयव, पाच आणि उणे दोन.

"ताळा घे," गणपतराव म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग फळ्याच्या अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात, चार अधिक सहा बरोबर दहा असं लिहिलं. आणि तिथून परत येऊन तिनं उणे दोनवर एक सरळ आडवी रेघ मारली, आणि खाली वळणदार अक्षरात ते वाक्य लिहिलं. सबबचा ब जरा मोठा आला. साठ पोरांनी माना खाली घातल्या आणि वाक्य वह्यांत उतरवून घेतलं. कुणीतरी त्याखाली पट्टीनं रेघही ओढली.

"दहा आलं ना?" त्यांनी विचारलं.

"आलं सर."

"मग कापलंस का?"

"परीक्षेत कापायचं असतंय सर."

गणपतरावांनी डस्टर उचललं. तिनं लिहिलेली ओळ पुसली, रेघ पुसली, आणि उणे दोन पुन्हा ठसठशीत लिहिलं. पाठमोरेच असताना ते बोलले, कारण पोरांकडे तोंड करून बोलवलं नसतं.

"दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. हे मी आजवर चुकीचं शिकवलं. चूक माझी आहे. वह्यांत दुरुस्त करून घ्या."

पानं उलटल्याचा आणि खाडाखोडीचा आवाज सुरू झाला. गणपतरावांना हलकं वाटलं. इतकं सोपं होतं तर काल का जमलं नाही, असंही वाटलं. ते वळले. दीक्षा जागेवर जाऊन बसली होती. तिची वही मिटलेली होती, पेन वहीवर आडवं ठेवलेलं.

"तू लिहीत नाहीस?"

ती उभी राहिली.

"आमच्या आत्तीनं लिवलंतं सर. खरं तेच लिवलंतं. बोर्डावर आमचं नाव लावलंय, पुरावा न्हाई म्हणून. हे पण तिथं लावा. मग लिवते."

तास संपल्यावर गणपतराव विभागात आले. कोरा कागद घेतला. ह्या वेळी पेन बंद केलं नाही. सहामाही परीक्षेतल्या अमुक गणिताची दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, नमुना उत्तर माझ्या हातून चुकलं होतं, त्यातलं वाक्य माझ्याच जुन्या टिपणांतलं आहे, सबब कुमारी दीक्षा कुरणे आणि सूरज शिंगे यांनी कोणताही गैरप्रकार केलेला नाही. खाली सही केली. मग दाराबाहेर जाऊन केरबाला डिंकाची बाटली मागितली.

"आता कुठलं कपाट हाय सर?" केरबानं विचारलं.

गणपतरावांनी कागद त्याच्या हातात दिला. केरबानं तो ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला. मग बाटली घेऊन त्यांच्याबरोबर बोर्डापर्यंत आला आणि स्वतःच्या हातानं, चारही कोपऱ्यांना दुप्पट डिंक लावून, कागद चिकटवला. जुन्या नोटिशीच्या बरोबर शेजारी. गणपतरावांनी खिशातली दुसरी किल्ली काढून त्याच्यापुढं धरली. केरबानं डिंकाचा हात धोतराला पुसला आणि ती घेतली.

मधल्या सुट्टीत पोरं बोर्डापाशी जमली, वाचून पांगली. दीक्षा शेवटी आली. गणपतराव जिन्याशी उभे होते, ते तिला दिसले असावेत, पण ती थेट कागदापाशी गेली. पहिल्या शब्दापासून सावकाश वाचत सहीपर्यंत आली. तारीख पाहिली. मग शेजारची जुनी नोटीस पाहिली, तिच्यावरचा कॉलेजचा जांभळा गोल शिक्का पाहिला, आणि पुन्हा नव्या कागदाच्या तळाशी आली. तिथं बोटानं जरा चाचपलं.

"शिक्का न्हाई, सर," ती म्हणाली, आणि वही पोटाशी धरून वर्गाकडे गेली.

गणपतराव बोर्डापाशी आले. डिंक अजून ओला होता. त्यांनी नखानं एकेक कोपरा सोडवत, फाटणार नाही अशा बेतानं कागद काढला, तळहातावर धरला आणि प्राचार्यांच्या ऑफिसचा जिना चढायला लागले.